खांद्याच्या टेंडनचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये फिजिओथेरपी करताना रोटेटर कफचे, म्हणजे खांदा जागेवर धरणाऱ्या स्नायूंचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) फाटलेले पेशंट सतत येतात. कुणी द्राक्षबागेत वर्षानुवर्षं हात वर करून काम केलेलं, कुणी अंबड-सातपूरच्या कारखान्यातलं, कुणी घरात पाय घसरून पडलेलं. ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं. घोळ होतो तो नंतर, घरी.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘आता दुखत नाही, म्हणजे बरं झालं’. सर्जन फाटलेला टेंडन दोऱ्यांनी हाडाला बांधून देतात. तो हाडाला धरायचं काम शरीरालाच करावं लागतं आणि त्याला साधारण १२ आठवडे लागतात. पूर्ण ताकद यायला त्याहून बराच जास्त काळ. दुखणं मात्र बहुतेकांचं त्याच्या कितीतरी आधी कमी होतं. या मधल्या दिवसांतच माणसं हात वापरायला लागतात.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते. सहा आठवडे स्लिंग (हात अडकवायची झोळी) नीट वापरली, व्यायाम चुकवला नाही. आठव्या आठवड्यात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरची छाटणी आली आणि मजूर मिळेनात. मी नको म्हटलं, तर म्हणाले, “मॅडम, नुसती कात्री तर चालवायचीय, वजन कुठं उचलायचंय?” अहो, सत्तर किलोच्या माणसाचा नुसता हातच साडेतीन किलोच्या आसपास भरतो! “कलम बांधल्यावर त्याला ओढून बघता का?” असंही विचारलं. हसले आणि दुसऱ्या दिवशी मांडवाखाली उभे राहिले. परत आले तेव्हा मी हात वर करून सोडला की तो तसाच खाली पडत होता. एमआरआयमध्ये टेंडन हाडापासून सुटलेला दिसला. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड गेलं आणि पुढचा हंगामही हातचा गेला.

तेव्हापासून शेतकरी पेशंटला मी आधी छाटणीची तारीख विचारते. एप्रिलची खरड छाटणी उरकून मे महिन्यात ऑपरेशन केलं, तरी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत जेमतेम पाच महिने होतात. त्या हंगामात कात्री दुसऱ्याच्याच हातात द्यायची. मात्र पडून अचानक फाटलेला टेंडन हंगामासाठी ताटकळत ठेवू नका.

दुसरी चूक पेंड्युलमची. हा व्यायाम दहापैकी नऊ जण चुकीचा करतात, कारण तो फार सोपा दिसतो. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेतून वाकायचं, ऑपरेशनचा हात सैल सोडायचा आणि कंबर हलवायची. हात आपोआप झुलतो. लोक उलट खांद्याच्या जोरावर हात गरगर फिरवतात. गोल मोठा झाला की शिवलेला स्नायू कामाला लागतो. मी पेशंटच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून बघते. बोटांखाली टणक लागलं की थांबवते आणि पहिल्यापासून करायला लावते. गोल छोट्या ताटलीएवढा पुरे.

शेजाऱ्याचा व्यायामाचा कागद वापरू नका. खांद्याच्या पुढच्या बाजूचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू शिवला असेल तर हात बाहेर वळवायलाही मर्यादा असते. मोबाइलवरच्या ‘सात दिवसांत खांदा मोकळा’ छाप व्हिडिओंचा तर मला मनापासून राग येतो.

मालीश नाही. ओढून मोकळं करणं तर अजिबात नाही.

घाबरून तीन-तीन महिने हात छातीशी बांधून ठेवणारेही असतात, त्यांचा खांदा आखडतो. बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवा. कोपरही हलवा, पण बायसेप्सवर काही केलं असेल तर सर्जनना विचारून. हात वर नेताना खांदा कानाकडे चढतोय का, ते आरशात बघा. चढला की तिथंच थांबा. झोपताना पाठ उंच ठेवा आणि कोपराखाली उशी घ्या, नाहीतर कोपर मागे पडून टाके ताणले जातात. स्लिंग असेपर्यंत टू-व्हीलर बंद. तंबाखू आणि सिगारेटही बंद, कारण त्यांनी टेंडन जुळायला वेळ लागतो.

खांद्यात अचानक ‘कट्’ झालं आणि हातातली ताकद गेली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी सर्जनकडे जा.