नळीत राहणारे समुद्री कृमी कसे ओळखावेत

खडकावर, शिंपल्यावर किंवा बोटीच्या तळाला नळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर सुरुवात नळीपासूनच करा. मात्र निकाल तिच्यावर देऊ नका. नळीवरून फार तर कूळ कळतं, जात ठरते ती आतल्या प्राण्यावरून.

नळी पांढरी, टणक, चुन्याची असेल तर सर्पुलिडी कूळ. समुद्री शैवालावरची जेमतेम काही मिलिमीटरची वेटोळी नळी बहुधा याच कुळातल्या स्पायरॉर्बिस गटाची असते. चिखल आणि चिकट स्राव यांची लवचिक नळी सॅबेलिडीची. वाळूच्या नळ्या एकमेकींना डकवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा थर झाला असेल तर सॅबेलॅरिडी. एका कणाच्या जाडीची, दोन्हीकडे उघडी, निमुळती सुटी नळी पेक्टिनॅरिडीची.

चुन्याच्या नळीत एक चकवा आहे. व्हर्मेटिड नावाच्या गोगलगायीही अगदी अशाच नळ्या करतात. तुटका तुकडा भिंगाखाली धरा: आतली बाजू चकचकीत असेल तर गोगलगाय, निस्तेज असेल तर कृमी.

आता नळी समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि हात न लावता वाट पाहा. पिसांचा तुरा बाहेर आला की त्यात झाकण, म्हणजे प्राणी आत गेल्यावर नळीचं तोंड बंद करणारं बूच, शोधा, कारण सर्पुलिडींची खरी ओळख तिथे आहे. या कुळातल्या हायड्रॉइडिस गटाचं झाकण दोन मजली असतं: खाली नरसाळं, वर काट्यांचा मुकुट. स्पायरोब्रँकस या दुसऱ्या गटाच्या झाकणावर चुन्याची चकती असते आणि देठाला दोन पंख. काटे किती, सरळ की वाकडे, त्यांना उपकाटे आहेत का, हे सगळं टिपून ठेवा. हायड्रॉइडिसच्या जाती यावरच वेगळ्या होतात. झाकण नाही म्हणून लगेच सॅबेलिडी म्हणू नका. प्रोट्युला या सर्पुलिडी गटाला झाकण नसतं, पण नळी चुन्याची असते.

प्राणी बाहेर काढण्याआधी रंगांचा फोटो घ्या, जतन केल्यावर ते उडतात. मग मॅग्नेशियम क्लोराइडच्या सुमारे ७ टक्के द्रावणात त्याला सैल होऊ द्या आणि नळी मागच्या टोकाकडून हळूहळू फोडा. सूक्ष्मदर्शकाखाली छातीचे राठ केस असलेले खंड मोजा: सर्पुलिडींत बहुधा ७, स्पायरॉर्बिस गटात ३ ते ४. छातीवर लांब केस वर आणि हुकासारखे सूक्ष्म आकडे खाली असतात, पोटावर ही मांडणी उलटते. हा उलटफेर सर्पुलिडी आणि सॅबेलिडी दोघांतही दिसतो.

नमुना १० टक्के फॉर्मॅलिनमधून ७० टक्के अल्कोहोलमध्ये न्या. डीएनए हवा असेल तर एक तुकडा आधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फोडलेली नळीही नमुन्याच्याच बाटलीत, चिठ्ठीसह ठेवा.