कोंबडीच्या तंगडीवर स्नायू शिकताना या चुका टाळा

पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक स्नायूभोवती ठळक रेघ असते. हातात घेतलेल्या तंगडीत ती नसते. तिथे एकमेकांना चिकटलेले मांसल पट्टे असतात, वर चरबी आणि पातळ पापुद्रे असतात, आणि एक स्नायू कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो ते शोधावं लागतं. ही कड सापडायच्या आत कात्री चालवली की पुढचं सगळं बिघडतं. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका याच घाईतून होतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं. ते योग्यच झालं. पण त्यामुळे स्नायू फक्त पडद्यावर बघायचे असं मानायचं कारण नाही. नाशिकमध्ये भद्रकालीपासून सातपूरपर्यंत कुठल्याही चिकन-मटणाच्या दुकानात तिन्ही प्रकारचे स्नायू मिळतात: तंगडीत आणि छातीत पट्टकी (सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसणारे), कोंबडीच्या पेट्यात, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जठरात, अपट्टकी (पट्टे नसलेले), बोकडाच्या हृदयात हृदयाचे. (हृदय मागताना ‘दिल’ म्हणा. काळीज म्हणालात तर कलेजी हातात पडेल, आणि तिच्यात शिकण्यासारखा स्नायू नाही.) बारावी-बीएस्सीच्या मुलांना आणि बीएएमएस, फिजिओथेरपी, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हात बसवायला एवढं पुरेसं आहे.

पहिली चूक दुकानातच होते

आपल्याकडे कोंबडी सोलताना कातडी ओढून एकदम काढतात आणि पंजा सांध्यात तोडून बाजूला टाकतात. स्वयंपाकाला ते बरोबर, अभ्यासाला नाही. कातडीबरोबर तिच्याखालचा पापुद्रा फाटतो आणि पंज्याबरोबर स्नायूरज्जूंची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांची, खालची टोकं जातात. मग स्नायू ओढून कुठलं बोट हलतं ते बघणार कसं? म्हणून तंगडी कातडीसकट आणि पंजासकट मागा. रविवारी सकाळी मागू नका. त्या गर्दीत दुकानदाराला ऐकायला वेळ नसतो. मधल्या वारी दुपारी गेलात तर तो नीट काढून देतो.

दुसरा गैरसमज म्हणजे जितकं ताजं तितकं चांगलं. कोंबडी कापल्यावर तासाभरात तिचे स्नायू ताठरायला लागतात. पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जा देणारं रसायन, संपतं आणि स्नायू आकसवणाऱ्या दोन प्रथिनांपैकी अॅक्टिनला धरून बसलेलं मायोसिन सुटत नाही. अशा वेळी सांधा जोर लावून वाकवला तर तंतू तुटतात. तंगडी झाकून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी घ्या. फ्रीझरमध्ये मात्र नको. बर्फाचे स्फटिक तंतू फोडतात, वितळल्यावर मांस पिळपिळीत होतं आणि स्लाइडवर पट्टे धड दिसत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात तर पंख्याखाली टेबलावर तासभर ठेवलेली तंगडी सुकते आणि वासही मारते, तेव्हा मधूनमधून मिठाचं पाणी शिंपडत राहा.

गुडघा कुठे आहे ते आधी ठरवा

कोंबडीचा पाय मागे वाकलेला दिसतो आणि बहुतेक जण त्या सांध्याला गुडघा म्हणून मोकळे होतात. तो घोटा आहे. खरा गुडघा वर, मांडी आणि तंगडी जिथे जुळतात तिथे. तंगडी म्हणजे आपली पोटरी-नडगी. हे चुकलं की सगळे स्नायू एक मजला चुकीच्या जागी वाचले जातात.

आता कातडी. घोट्याच्या वर चिमट्याने कातडीची चिमूट उचला आणि फक्त ती चिमूट कापा. पातं खाली टेकवून चीर मारू नका. कातडी निघाल्यावर मांसावर चंदेरी, ओलसर चकाकणारा पापुद्रा दिसेल. हा फॅशिया. बरेच जण तो घाण समजून खरवडतात. तो तसाच ठेवून त्यावरून बोटाचं पेर हळूच दाबत न्या. कुठे तरी बोट खोल जातं, तिथे पिवळसर चरबीची बारीक रेघ असते. तीच दोन स्नायूंमधली फट. मिटलेली कात्री त्या फटीत सरकवा आणि आत उघडा. कापायचं काहीच नाही, कात्रीच्या पाठीने स्नायू आपोआप वेगळे होतात. कापावं लागत असेल तर तुम्ही फटीत नाही, स्नायूच्या पोटात आहात.

मागच्या बाजूला सगळ्यात जाड आहे तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याचा पांढरा रज्जू घोट्याच्या मागून खाली जातो. खाली काय आहे ते बघायच्या उत्साहात तो लगेच कापू नका. आधी बोटाने उचलून दोन्ही टोकांपर्यंत माग काढा. पुढच्या बाजूला वरचा थर पेरोनियस लाँगसचा, त्याखाली टिबियालिस अँटिरियर. वरचाच स्नायू टिबियालिस म्हणून वहीत लिहिलेला फार वेळा दिसतो, कारण माणसात तिथे टिबियालिसच वर असतो.

ओढून पाहिलं, काही हललं नाही

माझ्या मते या सगळ्या अभ्यासातली सर्वांत मोलाची कृती म्हणजे रज्जू ओढणं. स्नायूचं काम पाठ करण्यापेक्षा ते बोटांत जाणवू द्या. गॅस्ट्रोक्नेमियसच्या खालचे सडपातळ रज्जू एकेक करून चिमट्यात धरून वर ओढा, पंज्याची बोटं मिटतात. पुढचा लांब रज्जू ओढा, बोटं सरळ होतात. टिबियालिस ओढा, घोटा वर उचलला जातो.

काहीच हललं नाही तर या क्रमाने तपासा. तंगडी अजून ताठ आहे का? गुडघ्याकडचं टोक दुसऱ्या हाताने पक्कं धरलंय का? तुम्ही रज्जूऐवजी फॅशियाची गुंडाळी तर धरली नाही? रज्जू गुळगुळीत, चिवट असतो आणि खाली माग काढला तर हाडावर किंवा बोटात जाऊन थांबतो. फॅशिया आडवा पसरतो. आणि शेवटचं, घोट्यापाशी रज्जूंना जागेवर धरणारी हाडाची कमान आणि चिवट पट्टा तुम्ही ‘मोकळं करायला’ कापलात का? तो कापला की रज्जू सांध्यापासून दूर ताणला जातो आणि ओढ वाया जाते.

अख्खी कोंबडी मिळाली तर छातीचे दोन थर जरूर वेगळे करा. वरचा मोठा पेक्टोरॅलिस पंख खाली ओढतो. त्याखालचा निमुळता सुप्राकोरॅकॉइडियसही छातीवरच असतो, म्हणून तोही पंख खालीच ओढत असणार असं सगळे लिहितात. पण त्याचा रज्जू खांद्यातल्या तीन हाडांमधल्या भोकातून वर जाऊन पंखाला वरच्या बाजूने जुळतो. तो ओढला की पंख उचलला जातो. स्नायू कुठे आहे यावरून त्याचं काम ठरत नाही, रज्जू कुठून वळून कुठे जुळतो यावरून ठरतं. त्यासाठी खांदा अखंड हवा, हे दुकानातच सांगा.

स्लाइडवर पट्टे का दिसत नाहीत

शिजवलेल्या छातीचे जे दोरे बोटांनी सुटतात त्यांना मुलं स्नायूतंतू म्हणतात. तो दोरा म्हणजे शेकडो तंतूंची जुडी, पेरिमिसियम नावाच्या पातळ वेष्टनात बांधलेली. एकेक तंतू 10 ते 100 मायक्रोमीटर जाड, साधारण केसाएवढा. म्हणजे दोरा तसाच स्लाइडवर ठेवला तर काळा ठोकळा दिसणारच.

तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा घ्या. 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, या द्रावणाचा एक थेंब स्लाइडवर. साध्या पाण्यात ताजे तंतू फुगतात आणि पट्टे पुसट होतात. दोन सुयांनी तुकडा लांबीच्या दिशेने उकलत राहा, कंटाळा आल्यावरही आणखी थोडा वेळ. मग मिथिलीन ब्लूचा छोटा थेंब, कव्हरस्लिप तिरकी धरून सोडा. आधी 10 च्या भिंगाने कडेला एकटा पडलेला तंतू शोधा आणि मगच 40 चं भिंग लावा. तरीही पट्टे नाहीत? उजेड कमी करा. भरपूर उजेड म्हणजे स्पष्ट दिसणं असं वाटतं, पण न रंगलेले पट्टे डायाफ्राम (सूक्ष्मदर्शकाची उजेड कमी-जास्त करणारी झडप) बारीक केल्यावरच उठून दिसतात. सार्कोमियर, म्हणजे पट्ट्यांचा एक पूर्ण घटक, 2 ते 2.5 मायक्रोमीटरचा असतो, तेवढ्यासाठी बारीक फोकस सावकाश फिरवावाच लागतो.

पेट्याचा रंग गडद लाल, म्हणून तो पट्टकी असेल असं वाटतं. रंग मायोग्लोबिन या प्राणवायू साठवणाऱ्या प्रथिनाचा आहे, स्नायू अपट्टकीच. आतलं पिवळं, खरखरीत अस्तर सोलून टाका आणि लाल भागातून नमुना घ्या. बाजूची चंदेरी चकती म्हणजे रज्जूसारखी ऊती आहे, ती नको. बोकडाची अन्ननलिका अपट्टकीचा नमुना म्हणून घेतली तर मात्र फसाल. माणसात ती वर पट्टकी, मध्ये मिश्र आणि खाली अपट्टकी असते, पण रवंथ करणाऱ्या प्राण्यांत पूर्ण लांबीभर पट्टकीच.

कायमस्वरूपी स्लाइड ओळखताना ‘पट्टे दिसले, म्हणजे हाडाचा स्नायू’ एवढ्यावर थांबू नका. हृदयालाही पट्टे असतात. केंद्रक कडेला की मध्ये, तंतूला फाटे आहेत का, हे बघा. आडव्या छेदात अपट्टकी पेशींचे ठिपके लहान-मोठे दिसतात आणि कित्येकांत केंद्रक नसतं, कारण पेशी टोकाशी कापली गेलेली असते. रज्जूची उभी स्लाइड अपट्टकी म्हणून लिहिणंही नेहमीचं. रज्जूत केंद्रकं चपटी, तंतूंच्या मधल्या जागेत रांगेने असतात.

पुढे डिसेक्शन हॉलमध्ये (मानवी शवविच्छेदनाच्या वर्गात) गेल्यावर

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये म्हसरूळला असल्यामुळे वैद्यकीय शाखांची मुलं शहरात पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो, शीर, धमनी, रज्जू सगळं करडं होतं, तेव्हा रंगावर विसंबू नका, स्पर्शावर या. मानेची कातडी जाड काढलीत तर प्लॅटिस्मा हा मानेचा पातळ स्नायू तिच्याबरोबर जाईल, कारण तो कातडीखालच्या चरबीतच असतो. ग्लुटियस मॅक्सिमस (कुल्ल्याचा मोठा स्नायू) उलटताना सावकाश, त्याची नस खालच्या अंगाने शिरते आणि झटक्याने तुटते. आणि पाल्मारिस लाँगस (हाताच्या पुढच्या बाजूचा, मनगटाकडे जाणारा बारीक स्नायू) सापडला नाही म्हणून मनगट उकरत बसू नका; काही माणसांत तो नसतोच. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा, तुमच्याच हातावर आहे की नाही ते दिसेल.

अभ्यासाची तंगडी नंतर शिजवू नका. पाट, कात्री, चिमटे साबणाने धुवा, हातही. उरलेलं कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात सकाळच्या घंटागाडीला द्या, कुत्र्यांसाठी कोपऱ्यावर टाकू नका.