पावसाळ्यापूर्वी कोंबड्यांच्या आवारात लाकडी चिप्स टाकताना

कुंपणातल्या जमिनीवरचे गवत कोंबड्यांनी उकरून संपवले की पहिल्या जोरदार पावसातच तिचा चिखल होतो. लाकडी चिप्सचा जाड थर हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण चिप्स योग्य निवडल्या तरच. तुकड्यांमधल्या पोकळीतून पाणी निथळते, विष्ठा धुऊन खाली उतरते आणि पृष्ठभाग लवकर सुकतो. ही पोकळी बुजेल असे काहीही घेऊ नका.

२ ते ५ सेंमीचे, कमीजास्त आकाराचे तुकडे सर्वांत उत्तम. लाकडाचा भुसा मात्र उघड्या आवारात नकोच. तो पावसात भिजून घट्ट बसतो, आतली हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. निव्वळ सालीचा चुराही टाळा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि त्यावर बुरशी लवकर चढते.

लाकूड कुठून आले ते विचारून घ्या. रंग दिलेले, वाळवीविरोधी औषध मारलेले, प्लायवूड किंवा जुन्या फर्निचरचे तुकडे अजिबात चालणार नाहीत. कोंबड्या चोचीने सगळे चाचपतात. कण्हेरीसारख्या विषारी झाडांच्या फांद्या नकोत. काटेरी फांद्यांचेही तसेच: काटा तळव्यात रुतला की जखम चिघळते, तळवा सुजतो आणि कोंबडी लंगडते.

बुरशीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. हिरव्या पानांसकट दळलेल्या चिप्सचा ढीग आतून तापतो आणि त्यात ॲस्परजिलस बुरशी वाढते. तिचे बीजाणू श्वासातून फुप्फुसात गेले तर कोंबड्या, विशेषतः पिल्ले, दगावतात. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मधल्या चिप्स बाहेर काढा. कुबट वास आला, तुकडे एकमेकांना पांढऱ्या तंतूंनी चिकटलेले दिसले किंवा झटकताच राखाडी धूळ उडाली, तर तो माल घेऊ नका. तपासताना नाकातोंडावर मास्क हवाच. ओल्या पण निरोगी चिप्स पातळ पसरून उन्हात वाळवा, अधूनमधून उलटा.

टाकण्याआधी पाण्याची वाट करा. आवाराच्या उंच बाजूला १५-२० सेंमी खोल चर काढा. पाणी साचलेल्या खड्ड्यावर चिप्स टाकल्या तर त्या तळापासून सडतात, आणि दोष चिप्सना दिला जातो. खाली प्लास्टिक किंवा कापड अंथरू नका. निचरा अडतो आणि उकरताना चिंध्या वर येतात. थर १५ सेंमी ठेवा. १० चौरस मीटरला दीड घनमीटर माल लागतो. थर दबतो म्हणून २ घनमीटर आणा. कडेला २०-२५ सेंमी उंच फळ्या लावा, नाहीतर उकरून सगळ्या चिप्स बाहेर जातील.

आठवड्यातून एकदा दाताळ्याने थर सैल करा. पाण्याच्या भांड्याखाली विटा ठेवा आणि तिथल्या ओल्या चिप्स लगेच काढा. ऊब आणि ओल मिळाली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांतच लागण करण्याजोगे होतात. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबू लागला तर वर नवा कोरडा थर देऊन भागत नाही, खालचा ओला भाग उचलावाच लागतो.

पाऊस संपल्यावर थर चाळा. मोठे तुकडे वाळवून परत टाका. खालचा काळा चुरा कंपोस्टमध्ये चांगला कुजवून मगच भाजीपाल्याला घाला.