“आमची मुलगी ऐकते हो!” : घरातल्या बोलण्यातल्या या चुका टाळा

हिंजवडीत नोकरीला लागल्यावर पहिलं वर्षभर माझी मुलगी दर शनिवारी ऑफिसचं काम घेऊन बसायची. “जमणार नाही म्हणून सांग ना,” मी म्हणाले. ती म्हणाली, “आई, आपल्या घरी मी कधी कशाला नाही म्हटलंय?” कोथरूडभर मी तिचं कौतुक केलं होतं ते याच गुणासाठी.

आमची मोठी चूक पानावरची. मूल पहिलं ‘नको’ म्हणतं ते जेवताना. “पोट भरलं” म्हटलं तरी आपण अर्धी पोळी वाढतोच, वर “माझ्यासाठी” म्हणतो. नको म्हटलं की समोरचा दुखावतो, हे मूल तिथे शिकतं. पुढे साहेबासमोर हीच भीड आडवी येते. नको म्हटलं की वाढू नका. तोंडही पाडू नका.

दुसरी चूक, उत्तर ठरवून मत विचारणं. “सायन्सच घ्यायचं ना?” निर्णय तुमचाच असेल तर तसं सांगा आणि कारणही सांगा.

अमेरिकेत मॅक्लिऑड आणि शॅफी या संशोधकांनी १९७०च्या दशकात कुटुंबातल्या संवादाचा अभ्यास केला. १९९० मध्ये रिची आणि फिट्झपॅट्रिक यांनी ती मांडणी सुधारली. घरात मोकळं बोलणं किती, आणि सगळ्यांचं एकमत असावं हा आग्रह किती, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या धरल्या. मला यात दिलासा वाटतो. शिस्तीच्या घरातही भरपूर बोलणं असू शकतं. आग्रह आहे आणि बोलणं नाही, अशा घरात मुलं मान डोलवायला शिकतात.

“उलट बोलू नकोस” हेही सोडा. सूर खटकला तर सुराबद्दल बोला: “आवाज खाली घे, पण मुद्दा पूर्ण कर.” आणि नातेवाइकांना आपण नकार म्हणून जे “बघते, कळवते” म्हणतो, ते मुलं जसंच्या तसं उचलतात. त्यांच्यासमोर एकदा तरी सरळ म्हणा, “या रविवारी आम्हाला जमणार नाही.”

तरुणांची चूक वेगळी: महिनोन्महिने साचवायचं आणि एक दिवस फुटायचं. ते ठाम बोलणं नव्हे, भांडण आहे. वाक्य लहान ठेवा, शक्य असेल तो पर्याय द्या: “शनिवारी होणार नाही, सोमवारी दुपारपर्यंत देते.” दहा वेळा सॉरी नको.

बोललं की मार बसतो, अशा घरात मात्र हे उपाय पुरत नाहीत. तिथे आधी विश्वासातलं माणूस किंवा समुपदेशक गाठा.

परवा मुलीच्या वाकडला मैत्रिणींबरोबर राहायला जाण्याचा विषय निघाला. बाबांनी मध्येच तोडल्यावर ती म्हणाली, “बाबा, माझं अजून बोलून झालं नाही.” त्यांनी पेपर बाजूला ठेवला. फ्लॅटचं अजून ठरलेलं नाही.