काजूचा हंगाम, पातेरा आणि तिळाएवढी गोचीड

मागच्या फेब्रुवारीत आमच्या काकी काजूच्या बागेतून आल्या, पाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "अरे, हा तीळ कधी उठला रे माझ्या पायावर?" गुडघ्याच्या मागच्या लवणीत एक काळसर ठिपका. पाणी ओतलं, हात फिरवला, जाईना. चष्मा लावून आणि मोबाइलची बॅटरी मारून पाहिलं, तेव्हा तिळाला पाय दिसले. आठ.

गोठ्यातली फुगून वाटाण्याएवढी झालेली गोचीड आपल्या ओळखीची आहे. तिची किळस येते, म्हणून ती दिसली की काढली जाते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा किंवा पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत बाग असेल, तर भ्यायचं ते या तिळाला. रानगोचिडीचं हे अर्धवट वाढलेलं पिल्लू. माकडताप म्हणजे गोचिडीतून येणारा, जिवावर बेतू शकणारा ताप. त्याचा विषाणू माणसापर्यंत येतो तो बहुतेक वेळा याच्याच चाव्यातून. चावा दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून कळत नाही.

माकडताप मूळचा कर्नाटकातला. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडू लागली आणि तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. 2015 मध्ये तो सत्तरीत दिसला, 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात. जंगलाला लागून काजू असलेला हा सलग पट्टा आहे. माकड राज्याची हद्द बघून उडी मारत नाही.

या गोचिडीचं वर्ष पावसाला बांधलेलं आहे. मिरगाचा पाऊस पडला की पूर्ण वाढलेल्या गोचिडी बाहेर पडतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये रानात चरणाऱ्या गुरांवर भरपूर सापडतात. रक्त पिऊन तृप्त झालेली मादी खाली पडून पाल्यात अंडी घालते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरात त्यातून सहा पायांची अगदी बारीक पिल्लं निघतात, ती उंदीर-चिचुंद्री, पक्षी, माकडं यांच्यावर जगतात. कात टाकून आठ पायांची झाली की जानेवारी ते मे या महिन्यांत पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पाल्यात, आणि गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसतात, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वाटेवर. आपला काजू नेमका त्याच महिन्यांत खाली पडतो. बी वेचायला वाकलेला माणूस आणि वाट बघणारी गोचीड समोरासमोर येतात ते असे.

म्हणून बागेची साफसफाई कधी करायची, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पहिली बी पडायला लागल्यावर घाईघाईने झाडाखालचा पाला ओढणारे खूप आहेत. त्यांचा हात पडतो तो नेमका तयार झालेल्या पिल्लांत. काजूच्या बुडातला पातेरा, पायवाटांच्या कडेचं गवत, मांगराभोवतीची (बागेतल्या खोपीभोवतीची) झुडपं ही सगळी कामं नोव्हेंबर-डिसेंबरात उरका. बी स्वच्छ जमिनीवर पडली की वेचायलाही सोपी जाते, हा फायदा वेगळाच. यंदा उशीर झाला असेल तर हाताने पाला गोळा करू नका. लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढा, पायात गमबूट हवेच. पाला पेटवून मोकळं व्हायचा मोह होतो, पण फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात काजूच्या बागेत आग लावणं म्हणजे शेजाऱ्याची बागही पणाला लावणं.

पातेऱ्याच्या दुसऱ्या वाटेकडे लक्ष जात नाही. गोठ्यात गुरांखाली पसरायला आणि भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजायला, आपण जंगलातून पाल्याचे भारे आणतो, तेही डोक्यावरून. त्या भाऱ्याबरोबर रान घरात येतं. जानेवारी ते मे जंगलातला पाला आणूच नका. भाताचा पेंढा वापरा, नाहीतर लागणारा पाला आधीच आणून उन्हात पसरून ठेवा. भारा डोक्यावर घेतलाच, तर डोकं आणि मान कापडाने झाकलेली असू द्या.

बागेत जाताना

बायका बागेत साडी गुडघ्यापर्यंत खोचून काम करतात, पुरुष हाफ पँटवर. गरमी असते, कोण काय बोलणार! तरी साडीखाली जुनी ट्रॅकपँट आणि वरून घरातल्या कुणाचा तरी फुल शर्ट, एवढं जमतं. पँटचे पाय मोज्यात खोवा. कपडे फिक्या रंगाचे असले की काळा ठिपका लगेच नजरेत येतो. आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपाचं अंगाला लावायचं तेल हातापायांना, मानेला, कानांच्या मागे लावा. डोळे, तोंड आणि जखम सोडून. लहान मुलांच्या तळहाताला लावू नका, तो हात थेट तोंडात जातो. तेलाचा असर दिवसभर टिकत नाही, घाम आला की निघून जातं, म्हणून दुपारी पुन्हा लावावं लागतं.

बोंडूतून, म्हणजे काजूच्या फळातून, बी सुटी करायला आपण झाडाखालीच पाल्यावर फतकल मारून बसतो. तिथेच डबा खातो, तिथेच वामकुक्षी. ही एक सवय मोडली तरी निम्मं काम होईल. बोंडू टोपलीत भरून मांगराच्या ओट्यावर न्या, तिथे बसा. परीक्षा संपली की मुलं बी वेचायला येतात, त्यांनाही हेच.

घरी आल्यावर कपडे पलंगावर किंवा खुंटीवर जाता कामा नयेत. थेट बादलीत, गरम पाण्यात, साबण घालून. आंघोळ करताना बोटांनी चाचपा: काखा, जांघा, कंबरेचा नाडा बसतो तो पट्टा, बेंबी, छातीखालची घडी, गुडघ्याची लवण, कानाची मागची बाजू, केसांची मुळं. स्वतःला पाठ दिसत नाही, ती घरातल्या कुणीतरी बघायची. रोज. कंटाळा आला तरी.

गोचीड लागलेली दिसली तर

तिच्यावर रॉकेल ओतणं, पेटती काडी लावणं, चुना फासणं, हे सगळं मी पाहिलं आहे. चटका बसलेली गोचीड पोटातलं पाणी चावलेल्या जागी ओकू शकते आणि रोग असेल तर तोच आत जातो. भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा, बायका ज्याला प्लकर म्हणतात, तो घ्या. गोचिडीचं पोट न दाबता, जिथे तिचं तोंड कातडीत रुतलंय तिथे अगदी टेकवून धरा आणि सरळ वर, एकाच ताकदीने, सावकाश ओढा. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. काकींच्या वेळी कातडी तंबूसारखी वर उचलली गेली, दोनेक सेकंद तशीच राहिली, मग टचकन सुटली. तोंडाचा कण आत राहिला तर सुईने उकरत बसू नका, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने धुवा.

काढलेली गोचीड नखावर चिरडायची जुनी सवय सोडा, गुरांवरचीसुद्धा. गोचिडींतूनच येणारा दुसरा एक विषाणूताप, क्रिमियन-काँगो ताप, जो 2011 मध्ये अहमदाबादजवळ सापडला, तो चावा न होताही चिरडलेल्या गोचिडीतून माणसाला लागू शकतो. साबणाचं पाणी भरलेल्या झाकणाच्या बाटलीत टाका, संपलं. मग भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेला गोल करा आणि नाव लिहा. काकींच्या तारखेभोवतीचा गोल मार्च उलटेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात होता.

गोल कशासाठी? चाव्यानंतर साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येऊ शकतो. एकदम चढणारा ताप, कपाळ ठणकणं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघणं, डोळे लाल, उलट्या, आणि काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. "अंग मोडून आलंय, उन्हाचं असेल" म्हणून दोन दिवस काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: जंगलालगत काम करतो, अमुक तारखेला गोचीड लागली होती. हे एक वाक्य ऐकल्यावर रक्ताचा नमुना योग्य तपासणीला जातो, नाहीतर डेंगी-मलेरिया बघण्यात दिवस जातात. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अंगदुखीची इतर गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

या तापावर नेमकं औषध नाही. सलाइन, रक्तदाब आणि प्लेटलेट सांभाळणं, हाच उपचार, आणि तो वेळेत मिळाला तर बहुतेक माणसं बरी होतात. दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात 3 ते 5 आहे. काहींना बरं वाटून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर ताप पुन्हा येतो, मान आखडते, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. तेव्हा लगेच दवाखाना. पूर्वी घेतलेल्या लशीच्या भरवशावर राहू नका. तिचं संरक्षण कमी पडतं म्हणून तिचा वापर थांबला आहे. आणि रोग्याला वाळीत टाकायचं काही कारण नाही, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही.

बागेत माकड किंवा वानर मेलेलं दिसलं, तर जवळ जाऊ नका आणि पुरायलाही धावू नका. मेलेलं अंग गार पडलं की त्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. ती जागा त्या काळात बागेतली सगळ्यात वाईट. आरोग्य केंद्राला आणि वनरक्षकाला फोन करा. ते येऊन भोवतालच्या 50 मीटरात पावडर मारतात. तोवर गुरं, कुत्रा, मुलं, कुणीच तिकडे नको.

कुत्रा, मांजर आणि गोठा

बागेत पुढे पळणारा कुत्रा आधी पाल्यात तोंड घालतो. त्याला रोज संध्याकाळी अंगणातच बघा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. कुत्र्याच्या अंगावर नेहमी दिसणारी तपकिरी गोचीड वेगळी. ती घरातच राहते, भिंतीच्या भेगेत हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला औषध आणि त्याच्या झोपायच्या कोपऱ्याला काहीच नाही, असं केलं तर महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. त्याचं पोतं आठवड्याला उकळत्या पाण्यात काढा, भेगा बुजवा. कुत्रा जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी गडद झाली, तर तो गोचिडीचा ताप असू शकतो. दोन दिवसही थांबू नका.

गुरांचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. मांजरावर तर मुळीच नाही. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनची औषधं मांजराला विषारी असतात, आणि ओल्या कुत्र्याला बिलगून झोपलेलं मांजरही त्यातून मरू शकतं.

गुरांवर फवारा मारताना आधी त्यांना पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती ओलं अंग चाटत नाहीत. औषधाचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि दूध किती दिवस वापरायचं नाही तेही तिथेच असतं. कानाची पाळी, शेपटीखालची जागा आणि कासेच्या आसपासचा भाग मारायचा राहिला तर बाकीचं मारून उपयोग नाही, कारण गोचिडी तिथेच असतात. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती आणि गव्हाणीच्या फटीही मारा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. उरलेलं औषधाचं पाणी व्हाळात (ओढ्यात) ओतू नका, त्यातले मासे मरतात.

आता राहिली जूनची गोष्ट. गुरांवर औषध मारायची आठवण आपल्याला उन्हाळ्यात येते, तर रानगोचिडीच्या माद्या गुरांवर असतात पावसाळ्यात. त्या वेळी आपण लावणीत गुंतलेले. रानात चरणाऱ्या गुरांना मिरगानंतर आणि मग श्रावणापर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस उघडलेला दिवस बघून, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध द्या. त्या माद्या तिथेच मेल्या, तर पुढच्या फेब्रुवारीत पातेऱ्यातले तीळ तेवढे कमी.