कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत: लहान मुलांना पडद्याविना कसे रमवावे

दोन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाइल बहुधा हौसेने दिला जात नाही. तो दिला जातो संध्याकाळी साडेसहाला, जेव्हा आईबाबा कामावरून नुकतेच परतलेले असतात, कुकर चढवायचा असतो, कणीक मळायची असते आणि मूल पायात घुटमळत असते. मुलांना रमवण्याचे पुष्कळसे सल्ले रविवारची निवांत सकाळ डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात आणि म्हणूनच ते सोमवारी उपयोगी पडत नाहीत. ज्या खेळाच्या तयारीलाच अर्धा तास लागतो आणि ज्यासाठी रंगीत कागद, चमकी व डिंक आणावा लागतो, तो या वेळी कुचकामी ठरतो. पुढील सूचना मुख्यतः या संध्याकाळच्या दोन तासांसाठी आहेत. येथे जे जमते ते इतर वेळी जमतेच.

वयाच्या मर्यादा आधी सांगितलेल्या बऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी झाल्यास अधिक चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण असाच आहे. दूरच्या आजीआजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोलण्याची मोकळीक मात्र तिने अगदी लहानांनाही दिली आहे.

पडद्याच्या जागी काय ठेवावे, हा खरा प्रश्न. येथे बहुतेक पालक खेळण्यांच्या दुकानाकडे वळतात आणि फसतात. या वयाच्या मुलाला खेळण्यापेक्षा मोठ्यांच्या कामातला वाटा अधिक हवा असतो. प्लास्टिकची रंगीत कपबशी बाजूला सारून ते खरी स्टीलची वाटी ओढून घेते, कारण ती वाजते, जड लागते आणि आई तीच वापरते. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून समुद्रकाठच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला खेड्यांतल्या व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंखशिंपले, खडे, पाने आणि बिया मुलांच्या हाती दिल्या. ही दृष्टी शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही तशीच्या तशी वापरता येते. फक्त समुद्रकिनाऱ्याची जागा स्वयंपाकघर घेते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे मुलासाठी स्वयंपाकघरात एक कायमची जागा ठरवावी. ती ओट्यापासून चार-पाच फूट दूर असावी, जेथे फोडणीचे तेल उडणार नाही, पण वळून पाहिले की मूल दिसेल. तेथे जुनी चादर अंथरावी आणि तिच्यावर परात ठेवावी. परातीचा काठ हा या खेळांमधला अर्धा शिस्तीचा भाग आहे. जे काही सांडायचे ते परातीत, हे मूल दोन-तीन दिवसांत शिकते.

आता काम. तीन वर्षांपुढील मुलाला मेथी किंवा कोथिंबीर निवडायला द्यावी: पाने एका वाटीत, काड्या दुसरीत. पहिल्या दिवशी अर्धी पाने काड्यांकडे जातील. ती मुलादेखत पुन्हा निवडू नयेत, कारण आपले काम कोणीतरी दुरुस्त करते आहे हे मुलाला लगेच कळते आणि ते उठून जाते. लसणाचा गड्डा फोडून पाकळ्या सुट्या करणे, उकडलेल्या बटाट्याची साले काढणे (बटाटा पुरता निवल्यावर), ताटे-वाट्या मोजून मांडणे, धुतलेले चमचे पुसून डब्यात लावणे, ही सगळी कामे चार वर्षांचे मूल गंभीर चेहऱ्याने करते.

मटारचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. माझ्या मुलीला साडेतीन वर्षांची असताना मी मटारची शेंग दिली, तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी पिळली, दातांनी चावली आणि शेवटी वैतागून फेकली. तिच्या अंगठ्यात शिवण उकलण्याइतका जोर नव्हता, आणि मी मात्र तिला लक्ष देत नाही म्हणून बोलले होते. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक शेंगेचे टोक दाबून ती किंचित फुटू दिली आणि मग परातीत ठेवली. त्या फटीत तिने बोट घातले, शेंग उघडली आणि आतले दाणे रांगेत बसलेले पाहून ती एकदम गप्प झाली. नंतर प्रत्येक शेंगेत किती दाणे आहेत, हे ती मला ओरडून सांगत राहिली. अर्धा किलो मटारला पाऊण तास लागला. मला एकटीला दहा मिनिटे पुरली असती. पण त्या पाऊण तासात माझ्या पोळ्या झाल्या. काम मुलाच्या हाताला किंचित अवघड, पण जमेल असे करून देणे, एवढीच काय ती तयारी.

याहून लहान मुलांना ओतण्याचा खेळ अतिशय आवडतो. दोन पेले, एक छोटा तांब्या आणि परातीत बोटभर पाणी. या पेल्यातून त्या पेल्यात, आणि पुन्हा उलट. सोबत स्पंजचा तुकडा द्यावा, म्हणजे सांडलेले पाणी शोषून पिळणे हाही खेळ होतो. डाळी व कडधान्ये तीन वर्षांच्या आत देऊ नयेत. हरभरा किंवा राजमा नाकात घालण्याची या वयाची हौस कान-नाक-घशाच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. पाण्याच्या खेळातही मुलाला एकटे सोडू नये, कारण लहान मूल बादलीतल्या थोड्याशा पाण्यातही बुडू शकते. खेळ संपताच पाणी ओतून द्यावे.

कणकेचा गोळा हा तर परंपरागत उपाय आहे, पण रोजची कणीक तासाभरात चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी आंबते. त्यासाठी वेगळी कणीक मळून ठेवावी: दोन वाट्या मैदा किंवा गव्हाचे पीठ, एक वाटी बारीक मीठ, एक मोठा चमचा तेल आणि लागेल तसे, साधारण पाऊण ते एक वाटी पाणी. पाण्यातच हळद किंवा बिटाचा रस घातला की पिवळा आणि गुलाबी रंग येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास ती आठवडाभर टिकते. ही कणीक खारट असल्याने मूल सहसा एकदाच चाखते. तरीही मिठाचे प्रमाण मोठे आहे हे लक्षात ठेवून ती खाऊ देऊ नये. छोटे पोळपाट-लाटणे, वाटीचा काठ, काटा-चमचा आणि शेवेच्या साच्याची चकती एवढे सामान पुरते. साचे विकत आणले की मूल साच्यातल्या बदकांवर थांबते. चकती दिली तर तिच्यातून काय काय निघते हे त्याला स्वतः शोधावे लागते.

आणि गॅलरी असेल, तर रंगाऐवजी पाणी. भिंत रंगवायचा जुना रुंद ब्रश आणि वाटीभर पाणी देऊन गॅलरीची फरशी, कठड्याची भिंत, दाराची चौकट “रंगवायला” सांगावे. ओली जागा गडद दिसते, वाळली की पुसली जाते, आणि मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. उन्हाळ्यात हा खेळ विशेष चालतो, पावसाळ्यात अजिबात नाही. तेव्हा पाटी आणि ओला खडू बाहेर काढावा.

हे सगळे मांडून दिले तरी एका गोष्टीशिवाय ते पाच मिनिटांत मोडते. काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे मोठ्या माणसाने मुलाजवळ खाली बसावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दिवसभर पाळणाघरात किंवा आजीजवळ राहिलेल्या मुलाला संध्याकाळी आधी माणूस हवे असते, खेळ नंतर. ही दहा मिनिटे वाचवू पाहणाऱ्याला पुढे तासभर “आई, बघ ना” ऐकावे लागते. मूल रमले की हळूच उठावे आणि मग तोंडही आवरावे. “अरे वा, किती छान!” असे दर मिनिटाला म्हणणे ही आपल्याकडची नवी सवय आहे; रमलेल्या मुलाचे लक्ष तिने जितके मोडते तितके टीव्हीच्या आवाजानेही मोडत नसेल.

घरात आधीपासून असलेल्या खेळण्यांचे काय करावे? त्यातली दोनतृतीयांश पोत्यात भरून माळ्यावर टाकावीत आणि दर पंधरा दिवसांनी थोडी अदलाबदल करावी. खेळणी कमी झाली की खेळ वाढतो, हे पहिल्याच आठवड्यात दिसते.

मोबाइलची सवय आधीच लागली असेल, विशेषतः जेवताना, तर तीन-चार दिवस रडारडीचे जातील हे गृहीत धरावे आणि घरातील सर्वांनी आधी बसून ठरवावे. आई नाही म्हणते आणि आजोबा खोलीत नेऊन फोन देतात, अशा घरात काहीही साधत नाही. “बॅटरी संपली” असे खोटे सांगू नये. चार वर्षांचे मूल चार्जर आणून देते. “जेवताना फोन नाही” एवढेच, रोज त्याच शब्दांत सांगावे, आणि हा नियम मोठ्यांनीही पाळावा. फोनऐवजी गोष्ट सांगावी, पण तिच्यातले एक पालुपद मुलाकडे सोपवावे. चिऊने दार का उघडले नाही, याचे कारण दर घासाला मुलालाच सांगायला लावले की ताट रिकामे होते, आणि कारणेही ऐकण्याजोगी असतात.

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत किंवा एसटीच्या प्रवासात परात नसते. त्यासाठी एक छोटी कापडी पिशवी भरून दाराशी अडकवून ठेवावी: मोठ्या बटणांच्या काजा असलेला कापडाचा पट्टा, सुतळीचा तुकडा, छोटी वही, दोन खडू आणि रुमाल. रुमालाचा उंदीर करता येणारा काका किंवा मामा सोबत असेल, तर पिशवी उघडावीही लागत नाही.

सावधगिरीची काही नावे मात्र पाठ असावीत. बिया गोळा करण्याचा नाद चांगला, पण लाल-काळी गुंज, एरंडीची बी आणि पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, फळे विषारी आहेत. ती घरात आणू नयेत. रिमोटमधील आणि खेळण्यांतील नाण्यासारखे सपाट सेल पोटात गेल्यास काही तासांत अन्ननलिकेला इजा होऊ शकते, म्हणून ते गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे. आख्खे शेंगदाणे व फुटाणे चार वर्षांच्या आतील आणि न फुगवलेले फुगे आठ वर्षांच्या आतील मुलांपासून दूर ठेवावेत.

शेवटी आवरणे उरते. ते मूल झोपल्यावर एकट्याने करू नये. दांडा कापून लहान केलेली केरसुणी आणि सुपली मुलाच्या हाती द्यावी, आणि चादरीचे दोन कोपरे त्याने, दोन आपण धरून ती झटकावी. कोपरा सुटतो, सालपटे पुन्हा सांडतात, आणि मूल हसत सुटते; तेवढ्यात कुकरची वाफ जिरलेली असते.