फ्लॅट विकताना लिफ्टची वर्गणी कोणाच्या माथी?

सोसायटीने जुलैच्या सर्वसाधारण सभेत नवी लिफ्ट बसवायचा ठराव केला. फ्लॅटमागे १,२०,००० रुपये, चार तिमाही हप्त्यांत. पहिला हप्ता भरून मालकाने डिसेंबरात फ्लॅट विकला, पुढची बिलं निघायच्या आधीच. उरलेले ९०,००० कोणी भरायचे? विकणारा म्हणतो, "त्या लिफ्टमध्ये मी कधी पाय तरी ठेवणार आहे का?" घेणारा म्हणतो, "ठरावाला हात तुम्ही वर केलात." रीसेलच्या व्यवहारात हा वाद निघतो तो नेमका चावी द्यायच्या दिवशी. तो साठेखताच्या (खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराच्या) आधीच मिटवायचा असेल, तर असं करा.

१. कायदा काय धरून चालतो ते पाहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंत देय झालेले सार्वजनिक कर व आकार विकणाऱ्याने भरायचे, मालकी गेल्यावर देय होणारे घेणाऱ्याने. पण वेगळा करार नसेल तरच. करारात जे लिहाल ते या कलमाच्या वर. शिवाय लिफ्टची वर्गणी हा पालिकेचा कर नव्हे, सोसायटीचं आपसातलं देणं आहे. तिच्यासाठी कलमाच्या भरवशावर राहू नका.

२. दाखल्यावर थांबू नका, इतिवृत्त मागा. लोक इथेच फसतात. सोसायटीचा 'थकबाकी नाही' हा दाखला एवढंच सांगतो, की आजवर निघालेली बिलं भरली आहेत. सभेत मंजूर झालेलं, पण अजून बिलात न उतरलेलं त्यात दिसत नाही. वरच्या उदाहरणात विकणाऱ्याला असा स्वच्छ दाखला सहज मिळेल आणि ९०,००० तरीही डोक्यावर असतील. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं विकणाऱ्याकडून मागून घ्या. रंगकाम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेज, स्ट्रक्चरल ऑडिट हे शब्द दिसले की थांबून आकडा विचारा. सेक्रेटरींशी दहा मिनिटं बोललात, तर कागदावर न आलेलंही कळतं.

३. कोणी भरायचं ते भाव ठरवतानाच बोला. माझं मत असं: गळकी गच्ची, पडके सज्जे अशी जुनी दुखणी विकणाऱ्याच्या काळातली, ती त्याने निस्तरावीत. लिफ्ट वापरणार घेणारा, तर ते पैसे त्याने द्यावेत, पण भाव पाडून घ्यावा. उलटं ठरवलंत तरी हरकत नाही. ठराव दडवून ठेवणं मात्र अंगाशी येतं.

४. साठेखतात तारीख घालून लिहा. 'सर्व थकबाकी विकणाऱ्याने भरावी' हे वाक्य पुरेसं नाही, कारण पुढच्या हप्त्याला थकबाकी म्हणत नाहीत. त्याऐवजी: 'दिनांक … पर्यंत मंजूर झालेल्या ठरावांनुसारची विशेष वर्गणी, तिचे हप्ते पुढे येणार असले तरी, विकणाऱ्याने भरावयाची, त्यानंतरच्या ठरावांची घेणाऱ्याने.' ती विकणाऱ्याकडे असेल, तर तेवढी रक्कम शेवटच्या चेकमधून वळती करा. फ्लॅट नावावर झाल्यावर सोसायटी घेणाऱ्याचीच बेल वाजवते. जुना मालक तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

जाता जाता: महापालिका क्षेत्रातल्या सोसायटीला हस्तांतराचं प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना घेतली जाणारी रक्कम, २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' अशी चिठ्ठी पुढे सरकली, तर ठरावाची प्रत मागा.

५. मिळकतकराचा हिशेब दिवसांवर करा. हा कर थकला तर त्याचा बोजा मिळकतीवरच बसतो, मालक कोणीही असो. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीचं बिल ९,१०० रुपये आणि ताबा १५ डिसेंबरला, असं धरा. १८२ पैकी ७६ दिवस विकणाऱ्याचे, म्हणजे ३,८०० रुपये. उरलेले ५,३०० घेणाऱ्याचे. दंड थकला असेल तर तो पूर्ण विकणाऱ्याचा. वीजबिलाला एवढी आकडेमोड नको, ताब्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा.

फ्लॅटऐवजी प्लॉट असेल, तर तो नगररचना योजनेत आहे का ते पाहा. अशा योजनेत रस्ते-गटारांच्या खर्चापोटी प्लॉटवर अंशदान बसतं. गुंठेवारीच्या (परवानगीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीच्या) प्लॉटला नियमितीकरणाचं विकास शुल्क भरलंय का, त्याची पावती मागा.

६. नाव बदलल्याची नोटीस द्या. दस्त नोंदला की महापालिकेला आपोआप कळलं असेल असं धरू नका. नोंदणीपासून तीन महिन्यांत विकणारा आणि घेणारा, दोघांनीही हस्तांतराची लेखी सूचना द्यायची असते. ती दिली नाही, तर पुढचा करही जुन्या मालकाकडून मागता येतो. म्हणून विकणाऱ्यानेच इंडेक्स टूची (दस्त नोंदल्याच्या अधिकृत गोषवाऱ्याची) प्रत जोडून अर्ज द्यावा आणि शिक्का मारलेली पोच खरेदीखताच्या फाइलला लावून ठेवावी.